तळहातावरचा सिनेमा

जुळे सोलापूर,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

नाजनीन आपा,

सलाम. तू, अब्बा, वरच्या मजल्यावरचे खालिद चाचा आणि त्यांची अरिबा, सगळी मजेत असाल असं समजतो.

हे पत्र रविवारीच लिहायचं होतं. रविवारी पेन मिळालं नाही. काल पेन मिळालं तर पाण्याचा टँकर आला. टँकरवाल्याचा पाइप फाटला होता, तो बांधायला मी गेलो, मग त्याच्याबरोबर चहा, मग त्याची गोष्ट. त्याच्या गावाकडं म्हैस विहिरीत पडली आणि तिला क्रेन लावून काढली. वर आल्यावर म्हैस कुणाकडं न बघता सरळ गोठ्यात गेली म्हणे. बघ, परत सुरू झालं. मी टाळत होतो, आपा. टँकर नसता आला तर दुसरं काहीतरी शोधलं असतं.

वरचा पत्ता वाचून तुझ्या भुवया चढल्या असतील. आधी "टेंभुर्णी" लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. मी सोलापुरातच आहे. आज अकरा दिवस झाले. विजापूर वेशीतल्या आपल्या गादीच्या दुकानापासून रिक्षानं वीस मिनिटं. गेल्या आठवड्यात तुला मोबाइलवर फोटो पाठवला, जेऊर स्टेशनजवळ केळीच्या गाडीवर बसलेला, तो ऑगस्टमधला होता. केळी भरायचं ते काम कधीच सुटलं. मुकादमाशी भांडण झालं, त्यात चूक माझीच, पण ते पुढं कधीतरी.

हितं सिद्धलिंगच्या जागेवर उभा आहे. तुला आठवत असेल, आठवीत माझ्या बाकावर बसायचा, उंच, कानात बाळी. तो एका चार मजली बिल्डिंगचा वॉचमन आहे. त्याच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन आहे म्हणून तो अक्कलकोटकडं गावी गेला आणि जाताना मला म्हणाला, "नुस्तं बसायचं बे. गाडी आली की गेट उघडायचं, गेली की लावायचं. तुला जमंल, तुला दुसरं काय जमतंय?" जिन्याखालच्या खोलीत राहतो. गेट उघडतो, लावतो.

मग घरी का आलो नाही, हे विचारशील. त्यासाठीच लिहायला बसलोय आणि म्हणूनच मोबाइलवर लिहीत नाही. मोबाइलवर चार शब्द टाकून एक हसरं तोंड चिकटवलं की सुटता येतं. आपण दोघं एकमेकांना लिहितो त्या वहीत तसं सुटता येत नव्हतं. मी आठ वर्षांचा होतो, खिडकीची काच फोडून वहीत तुला लिहिलं होतं की मांजरानं फोडली. तेव्हा अम्मीनं आपल्या दोघांना समोर बसवून नियम केला होता: हातानं बोलताना कितीही थापा मारा, वहीत मारायच्या नाहीत. हा कागद वहीचाच आहे. भुवनेश्वरी मॅडमकडून मागून आणला, त्यांच्या नातवाची जुनी वही. एका बाजूला भूमितीची वर्तुळं आहेत, तिकडं बघू नकोस.

भुवनेश्वरी मॅडम दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून रिटायर झाल्यात, मुलगा पुण्यात. रविवारी दुपारी त्यांनी वरून हाक मारली, "मुबीन, वर ये जरा, टीव्ही अडकलाय." टीव्ही कुठं अडकला नव्हता, त्यांनी रिमोटचं भलतंच बटण दाबलं होतं. मी नीट करून निघालो, तर पडद्यावर ते यान. काळं आभाळ, त्यात तो पांढरा ठिपका, आणि त्याच्यामागं सात सूर्य एकामागोमाग पेटतात ते. मी दारातच थांबलो.

"बघितलायस वाटतं?" मॅडम म्हणाल्या.

"थेटरात बघितला. जूनमध्ये."

"आता घरच्या टीव्हीवर आलाय. परवा शुक्रवारी. माझी भाची मागं लागली होती, जगभर गाजला, बघच म्हणून. बस की, उभा काय राहतोस? आणि त्या खालच्या ओळी घालवू नकोस हं, मला आता कमी ऐकू येतं. त्यांच्यावरच चाललंय माझं."

खाली ओळी येत होत्या, आपा. ठसठशीत पांढऱ्या हिंदी अक्षरांत. माणूस जे जे बोलेल ते सगळं. आणि नुसतं बोलणं नाही, आवाजसुद्धा. चौकटीत लिहून येतं: दरवाजा बंद होतो. लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय. तिचा श्वास जोरात चाललाय.

मला एवढ्या वर्षांत कधी सुचलं नाही की तुला आवाजही सांगावेत. आपण इतके सिनेमे बघितले, मी तुला भांडणं सांगितली, विनोद सांगितले, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं ते सांगितलं. पण कुत्रं भुंकतंय हे एकदाही सांगितलं नाही. मला वाटायचं, तिला त्याचं काय. यानातल्या त्या मेकॅनिक बाईच्या खोलीत सतत एक बारीक गुणगुण चालू असते, मशीनची. ती बंद पडते तेव्हा ती दचकते. तू थेटरात मला विचारलं होतंस, ही एकदम का दचकली? मी सांगितलं होतं, तिला झुरळ दिसलं.

रविवारी मी "सात सूरज पार" अर्ध्यातून उठून खाली आलो. मॅडम म्हणाल्या, "अरे, आत्ता तर रंगात आलाय!" मी म्हटलं, गाडी आलीय. गाडी बिडी काही आली नव्हती.

तू कुठं बघणार ते मला माहीत आहे. खालिद चाचांच्या टीव्हीवर. अरिबाचा मेसेज आला होता: मुबीनभाई, सहामाही संपली की मी आणि आपा सिनेमा बघणार, या वेळी आपाला तुमच्या हाताची गरज नाही, खाली सगळं लिहून येतं! तिची परीक्षा या शनिवारी संपते. म्हणजे रविवार. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे.

काय आहे, त्या दिवशी थेटरात मी तुला एके ठिकाणी थोडं चुकीचं सांगितलं. सिनेमा हिंदीत घातलेला होता पण माणसं गोरी, ओठ इंग्रजीत हलत होते, त्यामुळं तुला ओठ वाचता येत नव्हते आणि सगळा भार माझ्यावर होता. मागं कुणाचं तरी पोरगं रडत होतं. समोसा गरम होता, एका हातात तो, दुसऱ्या हातात तुझा हात. दोन-तीन वाक्यं निसटली, मी आपली अंदाजानं भरली. एवढंच. रविवारी खालच्या ओळी वेगळ्या दिसल्या तर मनाला लावून घेऊ नकोस.

टँकर आला. उद्या लिहितो.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

आपा,

उद्या म्हणालो आणि तीन दिवस घातले. वरचं सगळं परत वाचलं. शेवटचा परिच्छेद खोडणार होतो, पण वहीत खोडलेलं तू नेहमी उजेडाला धरून वाचतेस. राहू दे तो. समोसा गरम नव्हता. समोसा मी मध्यंतरातच संपवला होता. पोरगं रडत होतं, ते खरं. पण त्या वेळी नाही.

काल सिद्धलिंगचा फोन आला होता. वडिलांचं बरं आहे, शनिवारी येतो म्हणाला. बोलता बोलता त्याला सांगून टाकलं, सगळं नाही, सिनेमापुरतं.

"काय बे," तो म्हणाला, "बहिणीला ऐकू येत न्हाई, मग तिला सिनेमाला कशाला नेतोस?"

"हातावर सांगतो तिला."

"सगळा सिनेमा?"

"सगळा."

"मारामारी पण?"

"मारामारी तिला दिसते की बे."

लई हसला. मग म्हणाला, "म्हंजे तू सांगशील तोच सिनेमा की तिला."

तो फोन ठेवल्यापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

आपली बोली फक्त आपल्या घरालाच येते. अब्बा म्हणजे कापूस पिंजायच्या धनुकलीची तार ओढायची. अम्मी म्हणजे नाकाच्या बाजूला एक टिचकी. थेटरात अंधार, म्हणून तू डावा हात माझ्या गुडघ्यावर उताणा ठेवायचीस आणि मी सगळं तळहातावर करायचो. त्यात दोन खुणा तूच काढलेल्या, मी शाळा बुडवायला लागलो तेव्हा. "जा" म्हणजे दोन बोटं तळहातावरून चालवत बोटांच्या टोकांवरून बाहेर सोडायची. "राहा" म्हणजे तळहाताच्या मधोमध अंगठा दाबून धरायचा.

आता तो प्रसंग. यान सुटायला एक दिवस आहे. तीस वर्षांचा प्रवास. जायचं की नाही हे त्या मेकॅनिक बाईला अजून ठरवता येत नाही. तेवढ्यात घरून तिच्या भावाचा निरोप येतो. पडदाभर नुसता त्याचा चेहरा. तो बोलतो, रडतो, हसतो, परत बोलतो. मग ती डोळे पुसते आणि यानात जाऊन बसते. तिनं काय केलं ते तुला दिसलंच होतं. तो काय बोलला ते फक्त मला माहीत होतं.

मी एक शब्दही निसटू दिला नव्हता, आपा. त्याचं बोलणं आजही पाठ आहे. तो म्हणतो: जा तू. बाबांचं मी बघतो. इतकी वर्षं तू बघितलंस, मी उंडारलो, आता माझी पाळी. तुझ्या हातात जे आहे ते या घरात मावणारं नाही. आणि अर्ध्या वाटेवरून परत आलीस तर मी दार उघडणार नाही, सांगून ठेवतो.

हे ऐकताना माझ्या कानशिलावर घाम आला. कारण मिरजेचं पत्र येऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते. तुझ्या शाळेतल्या वैजयंती बाई आता मिरजेला मूकबधिर मुलींच्या वसतिगृहात आहेत, त्यांनी तुला शिवणकामाची ताई म्हणून बोलावलं होतं. तीस मुली, सगळ्या हातांनी बोलणाऱ्या. तू ते पत्र उशीत घालून झोपत होतीस. अब्बा म्हणाले, तुझं तू ठरव. तू वहीत मला विचारलंस, मुबीन, तुला काय वाटतं? मी लिहिलं, बघू.

तू गेलीस तर अब्बांचं कोण करणार, हे माझ्या मनात त्याच दिवशी आलं होतं. अम्मी नाही, दुसरं कोण? मीच. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणतात साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नको. गादीला टाके घालायच्या त्या वीतभर दाभणात त्यांना दोरासुद्धा ओवता येत नाही. सकाळी उठून दुकान उघडायचं, कापूस भरायचा, टाके घालायचे, साखरेची गोळी द्यायची, संध्याकाळी दुकान लावायचं. रोज. मला एका जागी चार दिवस काढता येत नाहीत हे तुला माहीत आहे, आणि इतकी वर्षं मला ते काढायला लागले नाहीत ते तुझ्यामुळं, हे मला माहीत आहे. मी परत यायचो तेव्हा भाकरी झाकलेली असायची.

पडद्यावर भाऊ म्हणाला, जा. मी तुझ्या तळहातावर अंगठा दाबला.

नुसता दाबला नाही, दाबून धरला. तो म्हणाला, बाबांचं मी बघतो. मी तुला सांगितलं, बाप म्हातारा झालाय, तू गेलीस तर आमचं कोण आहे. तू तेव्हा पडद्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलंस. माझे डोळे भरले होते. तुला वाटलं असेल, भाऊ सिनेमात रडला म्हणून मुबीन रडतोय.

शेवटीही तेच. ती म्हातारी झालेली, खिडकीत बसते, बाहेर बारीकसा निळा ठिपका, तिच्या डोळ्यांत पाणी. ती म्हणते, भाऊ, तू ढकललंस म्हणून पोचले, हितं फार चांगलं आहे. मी सांगितलं, ती म्हणतेय, घर सोडलं ते चुकलं.

थेटरातून बाहेर आल्यावर तू काहीच विचारलं नाहीस. एरवी रिक्षात माझा जीव खातेस.

दोन दिवसांनी तू वहीत लिहिलंस: बाईंना कळवलं, मी येत नाही. त्या यानातल्या बाईसारखं म्हातारपणी खिडकीत बसून रडायचं नाही मला.

आणि मी त्याखाली लिहिलं: बरं केलंस.

सिनेमात थाप मारली ती तळहातावर होती. अम्मीनं तळहाताचं काही सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला चार महिने समजावलं. पण "बरं केलंस" वहीत आहे. माझ्या अक्षरात. पुढच्याच आठवड्यात मी टेंभुर्णीच्या ट्रकवर बसून निघून गेलो. तू डबा दिलास. शेंगाचटणी वेगळ्या पुडीत बांधली होतीस, डब्यात तेल उतरू नये म्हणून. ती पुडी मोडनिंबजवळ उघडली आणि तशीच बांधून ठेवली.  ड्रायव्हर म्हणाला, आजारी आहेस का?

म्हणून घरी येत नाही. सोलापुरात येतो, वेशीपर्यंतसुद्धा गेलो एकदा, पानवाल्याच्या आड उभं राहून बघितलं. तू दुकानाच्या फळीवर बसून दाभणात दोरा ओवून अब्बांकडं देत होतीस. एक दाभण, मग दुसरं. त्यांनी न बघता हात पुढं करायचा आणि तू ठेवायचं. मी परत फिरलो.

तू नाही कळवल्यावरही वैजयंती बाई म्हणाल्या होत्या, जागा दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत रिकामी ठेवते. अजून दिवस आहेत. आपा, तू जा. हे मी चार महिने उशिरा सांगतोय आणि सिनेमातल्या भावाचं उसनं घेऊन सांगतोय, कारण माझ्याकडं स्वतःचं इतकं चांगलं काही नाही. उद्या सिद्धलिंग आला की त्याच्याकडं हे पत्र देतो, तो दुकानात तुझ्या हातात देईल. त्यानंतर मी येतो. तू मला आत घेतलंस तर दुकानात बसतो. मला टाके घालायला येत नाहीत, शिकेन. पळून जाणार नाही असं लिहिणार होतो, पण वही आहे ही. पळावंसं वाटेल. वाटलं तर तसं सांगेन आणि तरी दुकानातच बसेन, एवढं लिहू शकतो.


शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपार

सिद्धलिंग आलाय. पत्र घडी करून त्याच्या खिशात घातलं होतं, ते परत मागून घेतलं आणि हे लिहितोय. का ते सांगतो.

आत्ता गेटपाशी रिक्षा थांबली. मी सवयीनं उठलो, कुणाकडं जायचंय विचारायला. आत मागच्या सीटवर अब्बा. एकटेच. इस्त्रीची टोपी, मांडीवर आपली वही आणि दाभणाची पत्र्याची डबी. गुडघ्यांमुळं जे सहा महिन्यांत मशिदीपलीकडं गेले नाहीत, ते.

"क्या मुबीन सेठ," अब्बा म्हणाले, "गेट खोलते क्या नई?"

 सिद्धलिंगनं गेट उघडलं. पुढचं सगळं अब्बांनी रिक्षातूनच सांगितलं, ते मराठीत लिहितो. तू आज सकाळच्या एसटीनं मिरजेला गेलीस. खालिद चाचांनी स्टँडवर सोडलं. अरिबाला परीक्षा संपेपर्यंत दम निघाला नाही, तिनं पहिल्याच शुक्रवारी सिनेमा लावला, आणि भावाचा तो निरोप तू तीनदा मागं घेऊन वाचलास.

"मग माझ्या तळहातावर म्हणाली, मुबीनची वाट बघू," अब्बा म्हणाले. "त्यानं येऊन सांगायला पाहिजे. आठ दिवस बघितली तिनं वाट."

"मी हितं आहे हे तिला कुठं माहीत होतं?"

"तू आलास त्याच्या तिसऱ्या दिवशी तुला आसरा चौकात बघितलं होतं तिनं, चाचाच्या स्कूटरवरून. भजी खात उभा होतास म्हणे. चाचानं मग भजीवाल्याकडून तुझी बिल्डिंग विचारून घेतली. मला सांगितलं आणि वर म्हणाली, बोलावायचं नाही. येऊ दे त्याचा तो."

आपा, मी मंगळवारी पत्रात टँकरची गोष्ट लिहीत होतो तेव्हा तुझे चार दिवस होऊन गेले होते. बुधवारी मी बिल्डिंगचा नळ दुरुस्त केला. गुरुवारी झोपलो.

अब्बांनी वही उघडून दिली. जूनचं पान. माझ्या "बरं केलंस"वर तुझ्या लाल पेनाची एक सरळ रेघ, आणि खाली अर्धं पान कोरं. तू काही लिहिलेलं नाहीस. मी पान उलटून बघितलं, उजेडाला धरून बघितलं. हे पत्र मी त्या जागी चिकटवणार आहे आणि याची नक्कल तुला मिरजेच्या पत्त्यावर पाठवणार आहे. पत्ता अब्बांनी खिशात आणलाय, तुझ्याच अक्षरात. बघून जीव थोडा थाऱ्यावर आला. पत्ता ठेवून गेलीस.

आता अब्बा डबी उघडून बसलेत. दाभण एका हातात, दोरा दुसऱ्या हातात, दोन्ही माझ्याकडं धरलेत. सिद्धलिंग म्हणाला, "काका, सुई ओवायला वेशीपास्नं रिक्षानं आलात व्हय?"

"व्हय," अब्बा म्हणाले. "वरती अरिबा हाय, तिनं पण ओवली असती. पण घरात पोरगा हाय म्हणून इतक्या लांब आलो."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलंय. अब्बा "चल" म्हणत नाहीत, हातही मागं घेत नाहीत. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसेल, एवढंच बरं आहे. मी पेन ठेवतो आणि दोरा घेतो.

तुझा हात हितं नाही म्हणून माझ्याच तळहातावरून दोन बोटं चालवून टोकावरून बाहेर सोडली. तुझ्या हातावर हे मी करायला हवं होतं, तेव्हा केलं नाही.

आजपासून अब्बांजवळ असलेला,
तुझा मुबीन